साडूची थंडी

१ डिसेंबर २०२४, रविवार. सकाळी ९.

आजपासून रोजनिशी. मन स्वच्छ राहावं म्हणून. पहिली स्वच्छ गोष्ट : मला रघुवीरचा हेवा वाटत नाही.

रघुवीर म्हणजे माझा साडू. सरोजिनीच्या धाकट्या बहिणीचा, रुचाचा नवरा. अकरा वर्षं नॉर्वेच्या अगदी वरच्या टोकाला, मासे पॅक करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. तिथे आता जवळजवळ दोन महिने सूर्य उगवणार नाही. दुसऱ्या कोणी हे लपवलं असतं. हा फोटो टाकतो. आजचा फोटो : खिडकीत चार मेणबत्त्या, त्यातली एक पेटलेली (ख्रिसमसपर्यंत दर रविवारी एकेक वाढवायची म्हणे), बाहेर निळा अंधार, बर्फ, आणि रघुवीरच्या दोन बाजूंना दोन केसाळ कुत्री. सरोजिनीने फोटो मोठा करून बघितला. म्हणाली, "किती शांत वाटतं ना?" तेव्हा खालच्या मजल्यावर मिक्सर चालू होता. मिक्सर माझा नाही.

फक्त नोंद म्हणून : सव्वीस वर्षांपूर्वी रघुवीरचं स्थळ आधी सरोजिनीला आलं होतं. तिकडे नकार गेला. मग माझं आलं, होकार मिळाला. त्याचं रुचाशी लग्न त्यानंतर तीन वर्षांनी लागलं. विषय संपला.

संकल्प : या वर्षी आपणही हिवाळा साजरा करायचा. इथेच, गिरगावात. थंडी, अंधार, कुत्रा, परंपरा. चारही गोष्टी वाडीत आहेत. कोणी मन लावून वापरत नाही, एवढंच.

३ डिसेंबर.

थंडी. पेपरात किमान बावीस. ट्रंकेतून स्वेटर काढला. डांबरगोळ्यांचा वास, पण वासाला थंडी कळत नाही. ऑफिसला चालत गेलो. अकरा वाजता कपाळावरून घाम. साहेब म्हणाले, ताप आहे का? नाही म्हणायला वेळ लागला, तोवर त्यांनी हाफ डे दिला. थंडीचे फायदे आहेतच.

७ डिसेंबर. पहाटे ५.४०.

कुत्रा. वाडीत आहे : खारी. बेकरीच्या पायरीवर झोपते म्हणून खारी. तांबूस, एक कान दुमडलेला. आठ वर्षं ती आणि मी एकाच वाडीत, पण ओळख नव्हती. आज ग्लुकोजचं बिस्किट देऊन करून घेतली. वाडीच्या तोंडापर्यंत आली आणि बसली. "चल" म्हटलं. जांभई दिली. सरोजिनीची जुनी ओढणी गळ्यात अडकवली तर तिने मला सरळ बेकरीपर्यंत ओढत नेलं. म्हणजे ओढायची ताकद आहे. दिशा तेवढी शिकवायची.

सीतारामकाका (समोरची खोली, वय ब्याऐंशी, दिवाळीपासून होळीपर्यंत माकडटोपी) गॅलरीतून बघत होते. म्हणाले, "हेरंबा, ती तुका फिरवता की तू तिका?" दुर्लक्ष केलं.

८ डिसेंबर, रविवार.

तिकडे दुसरी मेणबत्ती. सरोजिनी आणि रुचा व्हिडिओ कॉलवर चाळीस मिनिटं. मी स्वेटर घालून मागून दोनदा सहज गेलो. रुचाने विचारलं, "भावोजी, बरं नाहीये का?" मग रघुवीर आला. त्याने कुत्र्यांचे मोजे दाखवले. बर्फात पाय फुटू नयेत म्हणून घालतात. दोन कुत्री, आठ मोजे, आणि एक कुत्रं एकच मोजा सारखा पळवतं. सरोजिनी हसली. ते हसू मी ओळखतो. आमच्या घरात ते ऐकून चार-पाच वर्षं झाली असतील.

माझे मोजेही कोणी तरी पळवतं. त्यावर कोणी हसत नाही.

११ डिसेंबर. पहाटे ६.

प्रगती. खारी आज चौपाटीच्या दिशेने बरीच लांब आली. तिथे दुसऱ्या गल्लीची चार कुत्री. मी परिस्थितीचा अंदाज घेण्यासाठी हातगाडीवर चढलो. ती चौघं भुंकायला लागली. खारी एक क्षण माझ्याकडे बघत राहिली, मग त्यांच्यात जाऊन उभी राहिली आणि माझ्यावर भुंकली.

कुत्रा हा मुळात कळपाचा प्राणी आहे. वाचलं होतं. आता पाहिलं.

१३ डिसेंबर, शुक्रवार.

तिकडे आज प्रकाशाचा सण. पांढऱ्या झग्यातल्या पोरी, डोक्यावर दिव्यांचे मुकुट. रुचाने केशराचे गोल पाव केलेत. केशर आपलं, आणि कौतुक त्यांचं!

मग मला सुचलं. धुंधुरमास! सोमवारपासून लागतोय. सूर्य उगवायच्या आत, अंधारात, गरम मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा. असला सण त्यांच्या बापजन्मात नसेल. प्लॅन : रविवार बावीस तारीख, पहाटे सव्वापाच, चाळीची गच्ची. विजेचे दिवे बंद. चार मेणबत्त्या. खारी. फोटो.

सरोजिनीने विचारलं, "स्वयंपाक कोण करणार?" म्हटलं, परंपरा कोणा एकट्याची नसते. तिने कॅलेंडरवर बावीस तारखेला गोल केला. म्हणाली, "बरं. साडेतीनला उठवते."

२२ डिसेंबर, रविवार. दुपारी ३.

आधी खुलासा : तिने उठवलं होतं. मी उठलो नाही, कारण यजमान ताजा हवा.

सव्वापाचला गच्चीवर सतरा माणसं. मला वाटलं होतं सहा येतील. सरोजिनीने परवाच घरोघर सांगितलं होतं आणि भाकऱ्यांना तिन्ही मजल्यांवरच्या बायका लागल्या होत्या. हे मला कोणी सांगितलं नाही. काळोख उत्तम. मेणबत्त्या समुद्राच्या वाऱ्याने चारही विझल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा विझल्या. पहिल्या मजल्यावरून कोणी तरी ओरडलं, "फेज गेला काय?"

खारी जिना चढेना. उचलून आणली. तीन मजले. वर आल्यावर तिला लोणी दिसलं. अख्खा गोळा, केळीच्या पानावर. मी "बस" म्हटलं. तिने बसूनच खाल्ला.

सीतारामकाका आधी हसले. मग सगळे. सरोजिनी पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी फोटो काढला. सगळी माणसं, वाफा, खारीचं नाक पानात. मी स्वतः त्यात नाही. सेल्फी घेतला तर त्यात नुसता अंधार आणि माझे दात.

सातच्या सुमाराला सूर्य उगवला. आपल्याकडे तो ऐकत नाही.

फोटो ग्रुपवर टाकला. रघुवीरचं उत्तर : "हेरंबराव, नशीबवान आहात. आम्ही दोघं दहा मिनिटं बघत बसलो होतो. एवढी माणसं!"

जिंकलो. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

सरोजिनीने ते वाचलं आणि फोन बाजूला ठेवला. म्हणाली, "रुचा आठ दिवस घराबाहेर पडलेली नाही. नुसती झोपून असते. दर वर्षी या दिवसांत होतं, या वर्षी जास्त आहे." मी म्हटलं, मग कुत्र्यांना कोण फिरवतं? ती उठून भांडी घासायला गेली. खरं तर भांडी घासायला बाई येते.

२६ डिसेंबर.

धक्का. सरोजिनी नॉर्वेला चालली आहे. ४ जानेवारी. ती शिकवते त्या शाळेतून रजा मंजूर. व्हिसा नोव्हेंबरातच आला. नोव्हेंबरात!

म्हटलं, मला कोणी विचारलं नाही. ती म्हणाली, "विचारलं होतं. भाऊबीजेला. तुम्ही म्हणालात, थंडी काय बघायची, फ्रीज उघडला की दिसते." हे मी म्हणालो असेन. विनोद चांगला आहे.

मी म्हटलं, इथली कामं सोडून मला तरी कसं जमणार? आणि थांबलो. इथे माणूस आग्रह करतो. ती म्हणाली, "हो ना. आणि पासपोर्ट पण तुमचा तीन वर्षांपूर्वीच संपलाय."

मी सगळीकडे सांगतो तो रेडी आहे म्हणून. तिला माहीत होतं. तरी इतके दिवस चारचौघांत मान डोलवत होती.

२ जानेवारी २०२५.

आज विचारलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. ती बॅगेत भाजणीची पाकिटं भरत होती. म्हटलं, रघुवीरला तू नाही का म्हणालीस?

तिला आधी कळेचना. मग म्हणाली, "मी कुठे नाही म्हणाले? आई म्हणाली. फार लांब जाईल असं वाटतं म्हणाली."

आणि मला हो?

"ते पण आईच म्हणाली. गिरगावातच राहील म्हणून."

मग तिने विचारलं, थालीपीठाची भाजणी एक किलो पुरेल का? पुरेल म्हटलं.

४ जानेवारी.

एअरपोर्ट. वाडीतून निघताना सीतारामकाकांनी स्वतःची माकडटोपी तिला दिली. "थयसर ह्याचोच उपयोग," म्हणाले. तिने तिथेच घालून दाखवली. मी वाटभर एक वाक्य तयार केलं होतं. गेटवर प्रत्यक्षात विचारलं, "बॅगेला कुलूप लावलंस ना?" ती म्हणाली, "लावलंय. तुम्ही नीट जेवा." आत गेली. वळून बघितलं. मी तेव्हा पार्किंगचं तिकीट शोधत होतो, असं टॅक्सीवाल्याने सांगितलं. टॅक्सीला पार्किंगचं तिकीट लागत नाही, हेही त्यानेच सांगितलं.

११ जानेवारी.

फोटो. सरोजिनी बर्फातल्या घसरगाडीत, मांडीवर कांबळं, डोक्यावर माकडटोपी. मागे रघुवीर उभा. पुढे सहा कुत्री (चार उसनी असणार). झूम केलं. दोघांत अंतर दीड फूट. खटकलं. मोठ्याने हसतायत दोघंही, कॅमेऱ्याकडे बघून.

तासाभराने लक्षात आलं : मग फोटो काढला कोणी? रुचाने. म्हणजे रुचा बाहेर आहे. पुन्हा बघितला. बर्फावर तिची सावलीसुद्धा नाही, सूर्यच नाही तर सावली कुठली. पण ती तिथे आहे. ते दोघं तिच्याकडे बघून हसतायत.

बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो. तरी दीड फूट म्हणजे जवळच.

पासपोर्टचा फॉर्म सोमवारीच भरला होता. पोलीस घरी येऊन चौकशी करून गेले. त्यांनी सीतारामकाकांना विचारलं, हे इथेच राहतात का? काका म्हणाले, "खय जातलो?"

१४ जानेवारी. संक्रांत.

तिळगूळ घेऊन बारा जण आले. बाराही जणांनी विचारलं, वहिनी कधी येणार? तेराव्याला मी आधीच सांगून टाकलं, दोन फेब्रुवारी. तो लाईट बिल द्यायला आला होता.

२१ जानेवारी, मंगळवार. संध्याकाळी ५.

तिकडे आज सूर्य परत येतो. अख्खं गाव टेकडीवर जाऊन वाट बघतं. सरोजिनीने काल सांगितलं होतं, "दुपारी पावणेबाराला दिसेल. तुमचे सव्वाचार. कॉल करीन, तुम्ही पण बघा." मी तीनलाच घरी आलो. साहेबांना काय सांगितलं ते लिहीत नाही. आंघोळ केली. इस्त्रीचा शर्ट घातला. कॅमेरा माझाही चालू असणार होता.

चार बाराला कॉल आला. आधी माकडटोपी, मग तिचा चेहरा. गाल लाल. नाक त्याहून लाल. म्हणाली, "बघा हं, आता." आणि फोन वळवला. टेकडी, बर्फ, शंभरेक माणसं. रघुवीर आणि रुचा, मध्ये कुत्री. कोणी बोलत नव्हतं. एवढी माणसं आणि कोणी बोलत नाही, हे मी गिरगावात कधी ऐकलेलं नाही.

मग डोंगराच्या कडेला एक पिवळी रेघ आली. इथे रोज बारा तास डोक्यावर असतो तोच. रुचा रडायला लागली. रघुवीरने तिला धरलं. सरोजिनी म्हणाली, "अगं, अगं," आणि तिला जवळ घ्यायला दोन्ही हात लागले असणार, कारण स्क्रीनवर एकदम काळोख झाला. फोन तिने कोटाच्या खिशात टाकला होता. मी लाईनवर आहे हे विसरून.

मी "हॅलो" म्हटलं. दोनदा. मग नाही म्हटलं.

खिशातून सगळं ऐकू येतं. कापडाची सळसळ. कुत्री. रुचाचं नाक ओढणं. रघुवीर काही तरी म्हणाला, आणि सरोजिनी हसली. ते हसू. कशावर, ते कळलं नाही.

पाच वाजले. इथे गॅलरीत ऊन आहे, फोनच्या काचेत माझाच चेहरा दिसतो. कॉल अजून चालू आहे. कट करायला बटण दाबलं तर तिच्या खिशात आवाज होईल. तिला कळेल की मी इतका वेळ होतो.

म्हणून ऐकतोय.