अमेर्लेमावशीची भिंत

३ मार्च, शुक्रवार

भिंत मिळाली! मासळी धुरावर सुकवायच्या भट्ट्यांमागची, थेट रस्त्यावरची. सोमवारी, १३ तारखेला कलाकेंद्राच्या बाई बघायला येणार. आवडली तर वर्षभराची शिष्यवृत्ती. तीन वर्षं लग्नांचे फोटो काढले, दुकानांच्या पाट्या रंगवल्या — आता माझं स्वतःचं काम!

भट्टीवाल्या अमेर्लेमावशीचा चेहरा काढणार. तिला विचारलं, तर मासे उलटता उलटता म्हणाली, "काढ. नाक जरा लहान काढ."

६ मार्च

झाली. पंधरा फुटी मावशी! आधी फोटो काढला, मग त्यावरून चित्र. काळा आणि लाल, दोनच रंग — धूर आणि विस्तव. खाली तिचं नाव आणि ‘१९७४’. ती भट्टीवर बसायला लागली ते साल. खांदे भरून आलेत.

७ मार्च, मंगळवार

तोंड कुठे लपवू!

मंगळवारी समुद्रात होड्या जात नाहीत, सगळी वस्ती घरी. सकाळीच मावशीच्या दारात बायका गळा काढून रडायला लागल्या. मावशी दात घासत बाहेर आली. एक जण मटकन खालीच बसली.

"कोण गेलं गं?"

"तूच की!"

काळा-लाल रंग, मोठ्ठा चेहरा, नाव, साल. आमच्याकडे भिंतीवर असा सुतकाच्या रंगातला चेहरा माणूस गेल्यावरच लागतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. अक्रात जन्मून मला कळू नये? चार वर्षं कॉलेजात रंगच शिकले ना!



८ मार्च

आई आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, केंकेचे गोळे मक्याच्या पानांत बांधत होती. वर न बघता म्हणाली, "घरातली पहिली पदवीधर. कशासाठी शिकवली? जिवंत माणसाला मारायला?"

शेजारीण म्हणाली, "पण नाक छान काढलंय हो. एवढी सुंदर ती जन्मात दिसली नव्हती." आईला हसू आवरेना. मला रडू.

९ मार्च

मावशीकडे गेले. गुडघे टेकून माफी मागितली.

"लोकांनी मला पुरून टाकलं. माझं वीस वर्षांचं गिऱ्हाईक आज दुसरीकडून मासे घेऊन गेलं! रविवारपर्यंत चुना फास त्याच्यावर."

हो म्हटलं. उठले, तर हळूच विचारते, "खूप रडल्या का गं? ती भांडकुदळ ओकाइलेसुद्धा?"

"सगळ्यांत मोठ्याने."

जरा खूश झाली. मग मासे उलटत, माझ्याकडे न बघता — "माझा आयिते रडला असता का?"

तिचा मुलगा. बापाची होडी विकून नऊ वर्षांपूर्वी तकोराडीला पळाला, तेव्हापासून बोलणं बंद. त्याचं नाव तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

१० मार्च

माझ्याबरोबर पाट्या रंगवणारा लामते म्हणतो, "वेडी आहेस का? सोमवारी बाईंना दाखव, मंगळवारी फास चुना. मावशी काय दोन दिवसांत खरंच मरणार आहे?"

एकाच दिवसाचा प्रश्न! दिवसभर मन हेच म्हणत होतं. पण चेहरा तिचा आहे. मी सगळ्यांना सांगत फिरते, मला आपल्या माणसांची चित्रं काढायचीत — आणि पहिल्याच माणसाचं ऐकायचं नाही? नाही. बाईंना कोरी भिंत दाखवीन. खरं काय ते सांगेन.

११ मार्च

चुना भिजत घातला. आईने तिची बादली दिली. तीही घासून.

१२ मार्च, रविवार

बादली घेऊन पोचले, तर भिंतीपुढे एक माणूस उकिडवा बसलेला. काळे-लाल कपडे, शेजारी प्रवासाची पिशवी. ओक्साबोक्शी रडत होता. कुणीतरी भिंतीचा फोटो तकोराडीला पाठवला होता.

मावशी भट्टीवरून उठली. त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"जेवलास का?"

तो वळला आणि ओरडलाच!

मग मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "तो चुना घरी ने. आणि आमचा दोघांचा फोटो काढ — रंगीत काढ!"