भाऊंचं घरपोच मत

४ मे, देवास
मरो ते राजकारण! मागच्या निवडणुकीत शाळा सांभाळून ज्याच्या प्रचाराच्या पर्च्या मी गल्लीभर वाटल्या, तो आज समोरच्या पक्षाच्या जीपवर! गळ्यात हार! शेजारीण अपेक्षा फिदीफिदी हसत म्हणते — भाभी, आपके वाले भिया तो उधर निकल लिए! मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी नाही जायची आता मत द्यायला.

६ मे
दुपारी भाऊंचं मत घ्यायला घरी निवडणुकीची टीम आली. भाऊ, माझे सासरे, सत्त्याऐंशीचे, म्हणून ही सोय. फॉर्म मीच भरला होता. चार माणसं, पेटी, कॅमेरा. नेमका तेव्हाच बाहेर त्या जीपचा भोंगा! डोकंच फिरलं माझं. म्हटलं, बाबूजी धार गए हैं, बेटी के यहाँ. भाऊ आत झोपलेले!

८ मे
पुन्हा आले. आता आतल्या माणसाला धारहून कसा आणू? म्हटलं, अभी नहीं लौटे.
संध्याकाळी त्यांचा फोन आला — दो बार आ चुके, घरवाली लिस्ट में नाम है, अब बूथ पर भी वोट नहीं डलेगा. भाऊंना सांगितलं, टीम आलीच नाही. ते नुसतं हं म्हणाले. शी! शाळेत पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवते मी.

१३ मे
मतदानाचा दिवस. सकाळी सातलाच भाऊ तयार. इस्त्रीचा कोट, काळी टोपी. "चल शैला, बूथवरच जाऊ."
तेव्हाच सांगायला हवं होतं. ई-रिक्षाने गेलो. यादी बघून बूथवरच्या बाई म्हणाल्या, "काका, आपका घर से था, यहाँ नहीं डलेगा." मागे एवढी रांग! भाऊ दोन्ही हात जोडून म्हणाले, "गलती हमारी होगी." बाहेर पडताना त्यांनी माझाच हात धरला. धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी तरी मत दिलं का? नाही. तशीच परत.
कोट अजून अंगावरच आहे त्यांच्या.

१४ मे
सगळं कबूल केलं. खूप रडले. भाऊ म्हणाले, "जागाच होतो मी. दोन्ही वेळा ऐकलं."
मग उठून का नाही आलात?
"सुटलो, असं वाटलं गं. मलासुद्धा कुणाला मत द्यावंसं वाटत नव्हतं. मग त्याची लाज वाटली, म्हणून काल गेलो."