गाडीचं पाणी जातं कुठं, मामा?

प्रिय मामा,

तुम्ही होता तोवर मी तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. आठवीतून शाळा सोडलेला माणूस पत्र कुणाला लिहिणार? फोन असायचा, तो महिन्यातून एकदा, आणि तोही तुम्हीच करायचा. आज लिहायला बसलो कारण उद्या सकाळी माझी ट्रेन आहे, परत गांधीधामला. गेले सहा दिवस डोक्यात जे चाललंय ते सगळं मामीला विचारून झालं, पण निम्म्या गोष्टी तिलाही माहीत नाहीत. म्हणून तुमच्याच गाडीत मागच्या सीटवर बसून, मामीच्या पोळ्यांच्या ऑर्डरच्या वहीतली मागची पानं फाडून हे लिहितोय. शुद्धलेखन बघू नका.

तुम्हाला जाऊन दहा महिने झाले. मी दहाव्याला पोचलो, तेराव्याला निघालो. बॉनेट उघडून बघितलंसुद्धा नाही. का नाही बघितलं, ते मला आजही सांगता येत नाही.

मागच्या आठवड्यात मामीचा फोन आला. "संदीप, गाडी देऊन टाकते. रविवारी गिऱ्हाईक येतंय."

"का गं?"

"पाणी पिते रे. रोज सकाळी बाटली ओतून निघते, इंदिरानगर येईस्तोवर इंजिन तापून काटा वर. काटा वर गेला की माझे हात गार पडतात."

"तुझे हात? गाडी चालवतं कोण?"

"मीच. नाहीतर तू येतोयस का गांधीधामहून?"

मामी गाडी चालवते हे मला तेव्हा कळलं, मामा. तुम्ही शिकवलंत तिला, गेल्या थंडीत, एकलहऱ्याच्या रस्त्यावर. ती सांगते, तुम्ही शेजारी बसून जिथं ब्रेकच नाही तिथं पाय दाबायचा आणि तोंडाने म्हणायचा, "छान, छान." आता ती घरी दीडशे पोळ्या लाटते, डबे मागच्या सीटवर ठेवते आणि साडेनऊच्या आत इंदिरानगरला पोचवते. रिक्षात डबे उलटतात. गाडी गेली तर तिचं काम गेलं. मी सात दिवसांची रजा टाकली. तिला सांगितलं, रविवारपर्यंत थांब, गळती सापडली तर गाडी राहील.

सोमवारी बॉनेट उघडलं आणि आधी काय दिसलं असेल? तुमचे ठिपके. लाल नेलपॉलिशचे. जिथं जिथं पान्हा लावून तपासलं, तिथं एक ठिपका. तुमची ही पद्धत मी कुठल्याच गॅरेजात पाहिली नाही. बाकीचे लोक खडूने खूण करतात, ती पुसून जाते. तुम्ही मामीची शिशी आणायचा. मामी म्हणायची, माझ्या नखांना लागली नाही इतकी या इंजिनाला लागली.

एक ठिपका म्हणजे पक्कं आहे, बघायची गरज नाही. दोन ठिपके म्हणजे इथं गडबड आहे, परत यायचं. आणि दुरुस्त केल्याकेल्या ठिपका द्यायचा नाही. गाडी आठ दिवस पळू द्यायची, तापू द्यायची, निवू द्यायची, पुन्हा एकदा आवळायचं, मगच ठिपका. मी घाई करायचो. तुम्ही म्हणायचा, "लेका, रबर नवं हाय, त्याला बसायला येळ दे. तुझ्यासारखं हाय ते."

मग रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी पिवळं होतं, मामा. तळाला चिखलासारखा पिवळा गाळ. बोट बुडवून वास घेतला. हळद.

मी बोट फडक्याला पुसलं.

हळदीवरून आपलं काय झालं होतं ते तुम्ही विसरला नसाल. तुमच्या गॅरेजात मी एका गिऱ्हाइकाच्या रेडिएटरात दोन चमचे हळद टाकली होती. गळती बंद, गिऱ्हाईक खूश, मीही खूश. सगळे ड्रायव्हर करतात तसं. तुम्ही झाकण उघडून पाहिलंत आणि मला संध्याकाळपर्यंत तो रेडिएटर धुवायला लावलात. त्या गिऱ्हाइकाच्या समोर. "ज्याला भोक शोधायचा कंटाळा, तो हळद लावतो," असं म्हणालात. त्यानंतर महिन्याच्या आत मी तुमचं घर सोडलं. पुणे, मग सुरत, मग अंकलेश्वर, आता गांधीधाम, ट्रेलरच्या वर्कशॉपात. कुठं दोन वर्षं धड राहिलो नाही. लोक विचारतात का सोडलं नाशिक. मी काय सांगू, हळदीमुळं?

आणि मग गेल्या वर्षीचा तो तुमचा फोन. मी ट्रेलरखाली होतो, हात ग्रीसने भरलेले, फोन खांद्यात धरलेला. तुम्ही म्हणालात, "संद्या, आपली गाडी पाणी पिते रे. जमिनीवर थेंब नाय. सापडंना. येतो का दोन दिवस?"

मी काय म्हणालो? "हळद टाका मामा." आणि हसलो.

 तुम्ही म्हणालात, "बरं." आणि फोन ठेवलात.

त्या "बरं"चा अर्थ मी दहा महिने लावतोय. राग होता का त्यात? की काहीच नव्हतं? तुम्ही शिवी दिली असती तर मला झोप लागली असती. पुढं पाच आठवड्यांनी तुम्ही नाश्ता करता करता गेलात. आपलं शेवटचं बोलणं ते.

आता हळद बघून मी मामीला विचारलं, "ही कुणी टाकली?"

"मीच. त्यांनी सांगितलं, दोन चमचे, कोमट पाण्यात कालवून."

"मामांनी? स्वतः सांगितलं?"

"मग काय मला स्वप्न पडलं? म्हणाले, पोरगं म्हणतंय तर टाक."

"कसं म्हणाले?"

"कसं म्हणजे? म्हणाले."

बघा, एवढंच तिला आठवतं. मी तिला तीनदा विचारलं, रागाने म्हणाले की कसे. ती म्हणाली, आता चौथ्यांदा विचारलंस तर लाटणं घालीन.

मला इतकी लाज वाटली की मी तो सगळा रेडिएटर धुऊन काढला. नळी लावून, पाणी अगदी काचेसारखं येईपर्यंत. तुम्ही त्या दिवशी धुवायला लावलात तसा, पण या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. आणि तिथंच चुकलो. ती हळद थोडंफार भोक बुजवत होती. धुतल्यावर गाडी एकाऐवजी दोन बाटल्या प्यायला लागली, आणि तरी खाली थेंब नाही.

मंगळवारी पुठ्ठा अंथरला गाडीखाली. कोरडा. बुधवारी वरचा पाइप, खालचा पाइप, वॉटर पंप, सगळं हात फिरवून पाहिलं. सगळीकडे तुमचा एकेक ठिपका. म्हटलं, मामांनी पाहिलंय तर पक्कंच असणार, पण तरी पाहिलं. गुरुवारी वाटलं, पाणी इंजिनाच्या आतच जात असेल तर? ऑइल काढून पाहिलं, पाणी मिसळून चहासारखं झालंय का. नाही, काळंच होतं. धूर पांढरा येतो का पाहिलं. नाही. मग पाणी जातं कुठं? माणूस घरातून निघून जावा आणि कुठल्याच दाराची कडी निघालेली नसावी, तसं झालं. मी चिडून गाडीच्या चाकाला लाथ मारली. समोरच्या काकूंनी पाहिलं आणि मामीला सांगितलं.

शुक्रवारी मामीबरोबर इंदिरानगरला गेलो. ती चालवत होती, मी काट्याकडे बघत होतो. ती मध्येच म्हणाली, "तू धुतलीस ते एक बरं झालं. आता वास येत नाही."

"कसला वास?"

"फोडणीचा. चढाला लागली की यायचा. मला वाटायचं, डब्याचं झाकण निघालं."

मी म्हटलं, "मामी, तुला सगळीकडे भाजीच दिसते." आणि हसलो. कळतंय ना मामा, मी परत हसलो. दुपारी जेवायला बसलो, वरणाचा घास हातात होता, आणि तसाच राहिला. गाडीत फोडणीचा वास कसला येईल? हळद जळायची ती. म्हणजे थेंब पडत होता, पण जमिनीवर नाही, कुठंतरी तापलेल्या लोखंडावर पडून जळून जात होता. म्हणून पुठ्ठा कोरडा. आणि मी शहाण्यासारखा वासच धुऊन टाकला होता.

हात धुतले आणि मामीचा मसाल्याचा डबा उचलला.

"कुठं नेतोस?"

"गाडीत घालतो. दोन चमचे."

"अरे, सोमवारीच धुतलीस ना? गाडीला हळद लावून लग्न लावायचंय का तिचं?"

विल्होळीच्या चढावर गाडी नेली, मामी शेजारी. अर्ध्या चढावर तीच म्हणाली, "आला." मला दोन मिनिटांनी आला. बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, नाक घालत घालत मागं गेलो. इंजिनाच्या मागं, जिथं हात जातो पण डोळा जात नाही. तुमचा दाढीचा आरसा बरोबर घेतला होता, तो खाली धरला. सायलेन्सरच्या पाइपावर पिवळा डाग, अजून धुमसत होता. त्याच्या वर हीटरचा पाइप. नाशिकमध्ये हीटर लावतो कोण? कुणाच्या लक्षात राहतो तो पाइप? त्याची क्लिप सैल, आणि क्लिपेखाली रबर चिरलेलं.

आणि क्लिपेवर दोन ठिपके.

मामा, तुम्हाला सापडली होती. मला फोनवर "सापडंना" म्हणालात, तेव्हा सापडली होती का? की नंतर सापडली? आरसा हलवून परत पाहिलं. क्लिपेच्या स्क्रूचं डोकं सोललेलं होतं, आजूबाजूला लोखंडावर ओरखडेच ओरखडे, पेचकस सटकल्याचे. तुम्ही आयुष्यात कधी एका स्क्रूचं डोकं खराब केलं नाहीत. माझं झालं तर दिवसभर टोमणे मारायचा. मग हे कुणी केलं?

मामीला आरशात दाखवलं. तिनं आरसा हातात घेऊन ओरखडे पाहिले. मग म्हणाली, "उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली होती त्यांची. शर्टाची बटणं मीच लावायचे. पेचकस धरवायचा नाही. म्हणून तर मला गाडी शिकवली."

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं सांगू या. म्हणाले, तिकडं ट्रेलरखाली झोपलेलं असतं ते, त्याला कशाला. गाडीचं निमित्त करून बोलावतो, आल्यावर कळंल."

मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. ट्रक जात होते. मामी म्हणाली, चल, पाणी घाल, उशीर होतोय.

मामा, मला अजून नीट कळत नाही. दुसऱ्या कुणाला का नाही दाखवलंत? दहा मिनिटांचं काम. दुसऱ्याचा हात गाडीला लागू द्यायचा नाही, हे ठीक. पण मग हळद का टाकलीत? भोक माहीत असून? मला चिडवायला, की बघ रे, तुझंच ऐकतो? की खरंच, पोरगं म्हणतंय म्हणून? मी एकदा एक धरतो, एकदा दुसरं. रात्री एक वाटतं, सकाळी दुसरं. तुम्ही हात चालत नाही म्हणाला असता तर मी आलो असतो. आलो असतो ना? हे लिहितानाही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. बहुतेक म्हणालो असतो, पुढच्या महिन्यात येतो.

काल पाइप बदलला. सोललेला स्क्रू निघेना, क्लिप कापावी लागली. नवी घातली. रेडिएटर परत धुतला, या वेळी मामी शेजारी उभं राहून हसत होती. आज सकाळी तीन वेळा विल्होळीचा चढ चढलो. काटा मध्यावर, जागचा हलला नाही.

दुपारी गिऱ्हाईक आलं. मामी ओट्यापाशी होती, पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, "गाडी द्यायची नाही." तो म्हणाला, अहो पण पाणी पिते म्हणालात. मामी म्हणाली, "प्यायची. तिचा माणूस आलाय आता." मला आत तोंड लपवायला जागा नव्हती. उद्या मी चाललोय, हे तिला माहीत होतं.

तर मामा, एक सांगायचं राहिलं. नव्या क्लिपेवर मी ठिपका दिलेला नाही. रबर नवं आहे. आठ दिवस पळेल, तापेल, निवेल, मग पुन्हा आवळायला लागेल. मी तेव्हा गांधीधामला असेन. मामी म्हणाली, दाखव कुठं ते, मी आवळते, माझ्याकडे शिशी आहे. आवळायचं तिला दाखवलं, आरसा धरून. एकदा तर माझ्यापेक्षा नीट आवळलं तिनं. पण ठिपका मीच देणार आहे. शिशी माझ्या बॅगेत टाकलीय, कापलेल्या क्लिपेबरोबर. मामी म्हणाली, नवी आणीन मी. म्हटलं, आणू नकोस.

पुढच्या महिन्यात पगार झाला की येतो. हे तुम्हाला सांगतोय, मामीला नाही, कारण मामीला मी असं खूपदा सांगितलंय. येतो, बॉनेट उघडतो, हात घालून बघतो, आणि कोरडं असेल तरच ठिपका देतो. एकच.

तुमचा,
संद्या