दारापुढच्या विटा

नाना, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे आधी सांगून टाकते. नाहीतर तुम्हाला वाटायचं, लेक म्हातारी झाली, नातवंड खेळवायला लागली, आता निवली असेल. निवले नाही. उलट या महिन्यात तो राग पुन्हा उतू आला, आणि त्याला निमित्त झालं आमच्या दारापुढचं अंगण. लिहायला घेतली आहे ती सूनबाईची जुनी वही, अर्धी कोरी राहिलेली. जोडाक्षर आलं की हात थबकतो. तिसरीत तुम्हीच मला शाळेतून काढलंत, मग थबकणारच. पण तो राग वेगळा, तो आज नाही काढत. आज फक्त विटांचं.

आधी गोड बातमी. मला नात झाली. अकरा महिन्यांची आहे, वर दोन खाली दोन असे चार दात, आणि खुर्ची धरून उभी राहते. हात सुटला की धप्पकन बसते आणि स्वतःच टाळ्या वाजवते, जसं काही तिनं मोठा पराक्रम केला. तिला घरात करमत नाही. सकाळी डोळे उघडले की बोट दाराकडं. आता बाहेर आमचं अंगण कसलं, तर लेकानं घर घेतलं तेव्हा टाकलेली शहाबादी फरशी. नाशिक रोडला या बाजूची सगळी जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळं एक फरशी वर, एक खाली, मधून गवत, आणि एक तर अशी हलते की पाय ठेवला की खालून चिखलाची पिचकारी. पोरगी तिथं चालायला शिकली तर गुडघे फोडूनच घेणार. म्हणून ठरलं, सगळं उखडायचं आणि नवीन करायचं. मी किती आनंदले होते सांगू! नव्या लुगड्याला झाला नसेल इतका आनंद. बाई गं, म्हटलं, आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात विटा वाहिल्या, आता स्वतःच्या दारात बसून बघू.

लेकानं द्वारका चौकाकडचा एक ठेकेदार बोलावला. गाडीवरून आला, उतरला, अंगणाकडं बघितलंसुद्धा नाही, आधी मोबाईल काढला. त्यात रंगीत सिमेंटच्या ब्लॉकचे फोटो, लाल-पिवळे, लाडूबर्फीच्या दुकानासारखे. मी म्हटलं, ते राहू दे, खाली काय घालणार?

"खडीची कच टाकू ना आजी. वरून ब्लॉक. एका दिवसात काम मोकळं."

"आणि ही काळी माती?"

"ती राहील खाली. ती कुठं चाललीय!"

"बरं. पाणी कुठं जाणार?"

"सगळं लेव्हलमधे बसवून देतो. एकदम लेव्हल."

लेव्हल म्हणे! नाना, अंगणाला लेव्हल असते का? लेव्हल टेबलाला असते. अंगणाला ढाळ असतो. आणि आमचा रस्ता तर दर थोड्या वर्षांनी डांबर चढवून चढवून इतका वर आलाय की पूर्वी आम्ही रस्त्यावरून एक पायरी चढून आत यायचो, आता एक उतरून येतो. रस्त्याचं पाणी आमच्या दाराकडं बघतच असतं. हे मी त्याला सांगायला लागले तर तो माझ्याकडं न बघता माझ्या लेकाला म्हणतो, "साहेब, आजींना सावलीत बसवा. ऊन लय हाय." आणि माझा लेक, ज्याला मी पाठीला बांधून माल वाहिला, तो म्हणतो, "आई, अगं त्याचा रोजचा धंदा आहे हा. तू बस ना आत." मी बसले आत. पण डोक्यातली भट्टी पेटली ती पेटलीच. कारण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, नाना. शब्द वेगळे होते एवढंच.

तुम्हाला तो दिवस आठवत नसेल. मला ओळ आणि ओळ आठवते. नोकरदारांच्या कॉलनीचं काम चाललंय, याच नाशिक रोडला. विंचूरकडचं गाव सोडून आपण पत्र्याच्या खोपीत राहतोय. मी चौदा वर्षांची. आई वाळू चाळतेय, मी विटा भिजवून परांचीवर चढवतेय. बाया माल कालवणार, बाया तीन-तीन मजले घमेली नेणार, पण थापीला हात लावायचा नाही. बाईनं लावलेली भिंत टिकत नाही म्हणे. कुणी बघितली होती बाईनं लावलेली भिंत, की टिकत नाही हे कळलं? दुपारी तुम्ही सगळे मिस्त्री भाकरी खायला लिंबाखाली गेलात. तुमची थापी तिथंच पडलेली. दोरी ताणलेली. मी एक वीट लावली. मग दुसरी. कुंपणाच्या भिंतीवर नऊ विटांची ओळ झाली तेव्हा मागं सावली पडली.

तुम्ही होतात. ओळंबा धरला. दोरी बोटानं टणकन वाजवून बघितली. एक डोळा मिटून ओळीवरून नजर फिरवली, तुम्ही चांगल्या भिंतीकडंच तसं बघायचात. तेवढ्यात मागून तो जाड मिस्त्री हसून ओरडला, "मिस्त्री, आता लेकीच्या हाताखाली बिगारी करा!" सगळे हसले. आणि तुम्ही पायानं ती ओळ ढकललीत. माल ओला होता, पटापटा पडल्या विटा. "घमेलं उचल," म्हणालात. बस. उचललं मी.

ते एक वेळ सोसलं असतं. पण दिवेलागणीला चुलीपाशी आई भाकऱ्या थापत होती, मी खोपीच्या मागं भांडी घासत होते, पत्र्याला कान लागतोच, आणि तुम्ही आईला म्हणालात, "सरळ होती गं ओळ. केसाएवढी हलली नव्हती." आई म्हणाली, "मग पोरीला सांगा ना." तुम्ही म्हणालात, "वाढ." एवढंच. वाढ! अहो, मला सांगायचं होतं ते तुम्ही भाकरीबरोबर गिळून टाकलंत. आणि दुसऱ्या बाजारी माझ्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्यात. मला बांगड्या नको होत्या. त्या मी हौसेनं घातल्या नाहीत, आईनं बळेच चढवल्या, आणि विटा वाहताना आठ दिवसांत फुटल्या. बरं झालं फुटल्या.

तर मी सावलीत बसले नाही. दुसऱ्या दिवशी सूनबाईला म्हटलं, मला पारदर्शक नळी आणून दे, लांब. ती शाळेत शिकवते, डोक्यानं तल्लख आहे, फार प्रश्न विचारत नाही. संध्याकाळी येताना घेऊन आली. नळीत पाणी भरलं, एक टोक तिच्या हातात फाटकापाशी, एक माझ्या हातात उंबऱ्यापाशी. ती म्हणते, "आई, हे काय जादू?" म्हटलं, जादू नाही, पाणी खोटं बोलत नाही. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीला थांबतं. खडूनं खुणा केल्या, खाली बोटं मोजली. फाटकापासून दारापर्यंत अंगण चार बोटं उतरत होतं. घराकडं! म्हणजे या ठेकेदारानं आहे त्यावरच ब्लॉक ठेवले असते तर पहिल्या सरीला पाणी पाहुण्यासारखं घरात येऊन बसलं असतं, आणि पोरगी त्यात रांगली असती.

लेकाला खडूच्या रेघा दाखवल्या तर तो म्हणतो, "आई, थोडंफार असतंच." मग मी उठले. न्हाणीतून बादली भरून आणली आणि फाटकापाशी ओतली. पाणी खळखळत आलं ते सरळ उंबऱ्याखाली, आणि तिथं ठेवलेल्या त्याच्या ऑफिसच्या बुटांत. सूनबाई तोंडावर पदर धरून आत पळाली. पोरीनं टाळ्या वाजवल्या. लेकानं बूट उलटा केला, बघितलं, आणि ठेकेदाराला फोन लावला. "आई सांगेल तसं करा," म्हणाला. नाना, हे वाक्य मला तुमच्या तोंडून पाहिजे होतं. लेकाच्या तोंडून मिळालं तेही बुटात पाणी गेल्यावर.

ठेकेदार परत आला तो तोंड वाकडं करून. "आजी, कुठल्या कॉलेजात शिकल्या?" म्हटलं, मजुरांच्या नाक्यावरच्या. मग मी सांगत गेले आणि त्याला ऐकावं लागलं. काळी माती हातभर खोल काढायची. मुरूम घालायचा, एकदम नाही, थराथरानं, प्रत्येक थरावर पाणी आणि दुर्मुसाचे ठोके. त्यावर वाळू. ढाळ डाव्या हाताच्या गटारीकडं, दोन हातांना एक बोट, तुमच्याच हिशोबानं. आणि सिमेंटचे लाडू नकोत, भट्टीतली पक्की वीट पाहिजे. तो म्हणाला शेवाळतील. म्हटलं, अंगणाचं तोंड उगवतीकडं आहे, दुपारपर्यंत ऊन हटत नाही, शेवाळाला यायला फुरसत कुठाय? विटांची गाडी आली तेव्हा दोन-दोन उचलून एकमेकींवर वाजवल्या. ज्या खणखणल्या त्या आत, ज्या बद्द वाजल्या त्या परत गाडीत. गाडीवाला म्हणाला, "मावशी, विटा घेताय का मडकी?"

तीन दिवस मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते. कामाला दोन मिस्त्री आणि दोन बाया. अन् नाना, काही बदललेलं नाही बघा. बाया मुरूम वाहतात, बाया वाळू चाळतात, मिस्त्री विटा बसवतात. त्यातली एक माझ्या लेकाच्या वयाची, हाताला इतकी साफ की वीट देतानाच सरळ करून द्यायची. मी म्हटलं, "लाव की गं एक तू." ती ठेकेदाराकडं बघून हसली आणि घमेलं उचलून गेली. मला तेव्हा कुणाला तरी दोन ठेवून द्याव्या वाटल्या. कुणाला ते कळेना. तुम्ही समोर नव्हतात.

शेवटच्या दिवशी पेरूच्या झाडाखालचा कोपरा राहिला होता. मिस्त्री म्हणाला, "आजी, एक वीट तुमच्या हातची लावा, शुभ असतं." इतकी वर्षं अशुभ होते, आता केस पिकल्यावर शुभ झाले! म्हटलं, एक नाही, हा सगळा कोपरा माझा. द्या थापी. पाट घेतला, गुडघे कुरकुरत होते त्यांना म्हटलं गप बसा, आणि बसले. तो विचारतो, "दोरी लावून देऊ?" नको म्हटलं. तुम्ही छोट्या कामाला दोरी लावायचा नाहीत, नजरेनंच लावायचात, आणि बाकीचे मिस्त्री बघत राहायचे. वीट ठेवायची, थापीच्या मुठीनं ठोकायची, शेजारणीशी मिळते का हात फिरवून बघायचं. पन्नासेक विटा असतील. ठेकेदार छातीवर हात बांधून उभा. त्या दोन बाया घमेली खाली ठेवून उभ्या. सूनबाईनं चहा आणला तोही निवला. झालं तेव्हा लेक म्हणाला, "आई, तू हे कधी सांगितलं नाहीस." म्हटलं, कुणी विचारलं नाही.

मग फाटकाशी बादली ओतली. पाणी तिरकं गेलं, झुळझुळ, गटारीकडं, उंबऱ्याकडं त्यानं मान वळवली नाही. सगळे वा वा म्हणाले. आणि मग मी बघितलं, पेरूखाली, माझ्या कोपऱ्यात, ताटाएवढं पाणी थांबलेलं. हलेना. ठेकेदारानंही बघितलं. त्याच्या मिशा हलायला लागल्या. तो बोलायच्या आत मी म्हटलं, "ते मुद्दाम ठेवलंय. चिमण्यांना पाणी." लेक भोळा, लगेच म्हणाला, "बघितलंत? केवढा विचार करते आमची आई." सूनबाई त्या पाण्याकडं बघत कप गोळा करून आत गेली.

आता रोज सकाळी अंगण धुतलं की पोरगी रांगत तिथं जाते, बसते, आणि दोन्ही हातांनी थपाथपा पाणी उडवते. झबलं ओलं, तोंड ओलं, आणि हसते अशी की रस्त्यावरची माणसं थांबतात. चिमणी एक आली नाही अजून. शेजारीण विचारते, ही युक्ती कुणाची हो? लेक मोठ्यानं सांगतो, आईची. मी मान डोलावते.

नाना, युक्ती नाही. दोरी न लावल्यानं तीन विटा खाली बसल्यात. उचलून मूठभर वाळू घातली की झालं, अर्ध्या तासाचं काम, आणि घरात कुणी नसताना मी ते करूही शकते. पोरीला तिथं खेळायला आवडतं म्हणून करत नाही, असं मी स्वतःला सांगते. ही पानं सूनबाईच्या हाती लागायच्या आत फाडून बंबात घालणार आहे. तुम्हाला म्हणून सांगितलं. चारचौघांत अजून माझ्या तोंडातून निघत नाही, की ढाळ चुकला.