प्रकरण चौदावे, मापासहित

॥ श्री ॥
वेल्हे, ता. ९ मार्च १९३५

चि. दीनानाथ यास कुंडलिकदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सागवानी झोपाळा एक, फळी साडेतीन हात लांब, सव्वा हात रुंद, रंधा मारून दोनदा तेल दिलेली. साखळ्या चार, भट्टी माझी, घणही माझाच. जुईसाठी कळकाचा मांडव एक. बासरी एक, सुरात. संगमरवरी चौथरा वेल्ह्यात होणे नाही, म्हणून काळ्या दगडाचा घडवला. हे सर्व तुझ्या कादंबरीच्या चौदाव्या प्रकरणाबरहुकूम, कोणाकडे एक दिवस उमेदवारी न केलेल्या या दोन हातांनी बावीस दिवसांत केले. तरी नलू बरी नाही. माझे माप कुठे चुकले ते कळवावे.

तुला ठाऊकच आहे, श्रावणात नलूचे बाळ गेले आणि पोर दसऱ्याला माहेरी आली ती भिंतीकडे तोंड करून निजली. जेव म्हटले तर दोन घास, वेणी घाल म्हटले तर उद्या. तुझी पद्मजाही विरहाने अशीच खंगते; पण नायक तिला चांदण्यात झोपाळ्यावर बसवून कविता म्हणतो आणि पंधराव्या प्रकरणात बाई बागेत पळते. तुझी प्रकरणे ज्या मासिकात छापून आली, ते भोरात नलूच्या सासूबाईंकडेही जाते. त्यांचा निरोप आला की तुमच्याच भावाच्या पुस्तकात बाई पंधरवड्यात उठते, मग तुमच्या लेकीचे काय अडले? अक्षय्य तृतीयेपर्यंत वाट पाहू, पुढे मधूसाठी दुसरी मुलगी बघू. म्हणून ही घाई.

दोन शंका. साखळी सहा हात लिहिलीस, त्याने आमच्या आढ्यावरून फळी कमरेला लागते. पद्मजा उंच होती काय? आणि वद्य नवमीला दिवेलागणीच्या वेळी पूर्ण चंद्र कोणत्या गावी उगवतो? तेवढे मला करता आले नाही.

शेजारची सखूबाई म्हणते, आप्पा, पाळणा रिकामा ऱ्हायलेल्या पोरीला झोपाळा कशापाई वो? तिला वाचता येत नाही, म्हणून मनावर घेतले नाही.

उत्तर लवकर दे. आशीर्वाद आहेतच.

॥ श्री ॥
भोर, ता. १७ मार्च १९३५

ती. स्व. दादांचे चरणी दीनानाथाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो, मग शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी येऊन बसलो. दादा, आपली मापे कुठेच चुकली नाहीत. चुकले ते प्रकरण. माझी पद्मजा आणखी सहा महिने निजून राहणार होती; पण संपादक म्हणाले, वाचकांना कंटाळा येतो आणि दिवाळी अंकात लग्न हवे. आजाराबद्दल मी डॉक्टरांना विचारलेच नव्हते, संपादकांना विचारले होते.

काल प्रथमच इथल्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, मन असे खचले की वर्ष लागते, कधी दोन. झोप हवी, वेळेवर अन्न हवे, जवळ माणूस हवे. आणि आता ऊठ, आता हस, असे कोणी म्हणू नये. महिन्यातून एकदा ते नसरापूरला येतात, तिथे नलूला आणा म्हणाले. कवितेचा काही उपयोग होईल का, असे विचारले तर चष्म्यावरून पाहत त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

मधू परवा तिकडे निघतो आहे. त्याने चौदाव्या प्रकरणातली कविता पाठ केली आहे. मी अडवले, ऐकत नाही. माझ्या नायकाची उंची त्याला नाही, पण तो दोष माझा नव्हे.

वहिनींना नमस्कार. रागावून का होईना, दोन ओळी धाडाव्या.

॥ श्री ॥
वेल्हे, ता. ३ एप्रिल १९३५

ती. स्व. काकांस नलूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

अक्षर गोड मानून घ्या. तुमची पद्मजा मी सात वेळा वाचली. ती एका संध्याकाळीत बरी झाली आणि मी इतक्या महिन्यांत नाही, म्हणजे खोट माझ्यातच, असे वाटायचे. आप्पा अंगणात घण घालत, मी आत ऐकत असे. प्रत्येक घावाला वाटे, आता आपल्याला बरे व्हावेच लागणार.

हे आले. मला झोपाळ्यावर बसवले, समोर उभे राहिले आणि दुसऱ्याच कडव्याला विसरले. पुढची ओळ मी सांगितली. तिसऱ्या कडव्यालाही मीच. मग हे मटकन चौथऱ्यावर बसले आणि म्हणाले, मला त्या दिवसापासून झोप नाही, घरात बाळाचा विषय काढला की आई उठून जाते. काका, श्रावणानंतर माझ्याशी बाळाबद्दल बोललेले हे पहिले माणूस. मी रडले. बरी झाले नाही. रोज भिंतीकडे तोंड करून रडत होते, ते माणसाकडे तोंड करून रडले एवढेच. दुसऱ्या दिवशी तर मला अंथरुणातून उठवलेही नाही.

नसरापूरच्या डॉक्टरांचे औषध सुरू आहे. पद्मजेला एखादा वाईट दिवस द्या ना, लग्नानंतर का होईना. काकूंना नमस्कार. मी अशीच राहिले तरी मला आपली म्हणा.

॥ श्री ॥
वेल्हे, ता. १२ मे १९३५

चि. दीनानाथ यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

अक्षय्य तृतीया झाली. मधूने आईला स्वच्छ सांगितले की दुसरी आणाल तर तिच्यापाशी तुम्हीच बसा, मी वेल्ह्याला असेन. विहीणबाई रुसल्या आहेत. मासिक मात्र बंद केलेले नाही.

मी भिंतीला एक फळी ठोकली होती, दिवसाला एक भोक. नलूने आपली आपण वेणी घातली की त्यात खुंटी बसवायची. एप्रिलात तीस भोकांत नऊ खुंट्या. मेच्या पहिल्या दहांत पाच. डॉक्टरांना सांगितले तर म्हणाले, रिकामी भोके तिला कशाला दाखवता? फळी आता भट्टीमागे आहे. हे मला आधी सुचायला हवे होते. झोपाळा मापात आणला. नलू कधी बसते, कधी नाही. नाही तेव्हा सखूबाई त्यावर सांडगे वाळवते.

आता तुझ्या प्रकाशकांचे. परवा स्वतः गाडी करून आले. झोपाळा, मांडव पाहून भारावले, बासरीही फुंकून पाहिली. दुसऱ्या आवृत्तीत पहिल्या पानावर माझ्या सहीने छापायचे म्हणाले की माझी कन्या या कादंबरीतील उपचाराने पूर्ण बरी झाली. कन्या त्या दिवशी आत होती, सकाळपासून उठली नव्हती. मी म्हणालो, दहा दिवसांत पाच वेळा वेणी घालते असे छापा, सही फुकट देतो. त्याने प्रत खपणार नाही म्हणाले. उद्या ते पान तिने वाचले, तर न उठलेल्या प्रत्येक सकाळी ती खोटी ठरेल. एकदा तुझ्या पद्मजेपुढे ठरली तेवढे पुरे.

तुझे यात काही बुडले असेल तर थोरल्यावर राग धरू नकोस. आहेस तसाच आमचा राहा.

ता. क. ते तुला आकडा कमी सांगतील म्हणून लिहितो. आधी पंचाहत्तर, मग सव्वाशे, आणि गाडीत पाय ठेवता ठेवता दोनशे रुपये, रोख. नाही म्हणालो.