न धुतलेला सदरा

२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कान धरतो. बातमी अशी की मला स्वातंत्र्य संग्रहालयाचा व्यवस्थापक नेमलं आहे. जागा गव्हर्नरचा जुना बंगलाच. ज्या खोलीत मी बारा वर्षं कारकून म्हणून मान खाली घालून नकला काढल्या, तीच आता माझी कचेरी. साहेबांची खुर्ची माळ्यावरून काढून घेतली. टेबलावरची घंटाही तीच. वाजवली की म्हातारा शिपाई अजून पूर्वीसारखाच दचकतो, गंमत वाटते.

आता कामाचं. पंधरवड्याने मंत्री उद्घाटनाला येणार आणि आमच्या कपाटांत आहे काय? दोन मोडक्या काठ्या, एक भोंगा आणि मंत्र्यांचाच जुना चष्मा. भाऊजींचा सदरा तुझ्याकडे आहे, गोळीबाराच्या दिवशीचा. तो दे. मधल्या दालनात काचेच्या पेटीत ठेवीन, खाली त्यांचं नाव मी स्वतः लिहीन. ट्रंकेत नऊ वर्षं पडून त्याचा काय उपयोग? देशाला त्याची गरज आहे.

भाचीला आशीर्वाद. सदऱ्याबरोबर थोडा लोभही पाठव.

तुझा,
मोत्या


७ जून

चि. मोत्यास,
अनेक आशीर्वाद, मागितले नाहीस तरी.

तुझं पत्र मुलीने मोठ्याने वाचलं. ‘देशाला गरज आहे’ इथे आली आणि तिला ठसका लागला. गोदीच्या संपवाल्यांचा मोर्चा त्या बंगल्यावर आला, तेव्हा तुझा देश खिडक्या लावून आत बसला होता. त्यातली एक खिडकी तुझी होती. असो. लोक म्हणतात, खुर्ची तीच, बूड नवं. तुझ्या बाबतीत बूडही जुनंच निघालं.

अक्षर मोत्यासारखं म्हणून बाबा तुला मोत्या म्हणायचे. शेजारचे त्यांच्या कुत्र्याला म्हणायचे. घंटेचं वाचलं आणि शेजारचेच आठवले.

सदरा पाठवते आहे. उगाच फुगू नकोस, तुझ्या मंत्र्यासाठी नाही. या लाँड्रीत मी सगळ्या गावाच्या कॉलरी घासल्या, गोळ्या घालणाऱ्यांचे कोटसुद्धा. सगळ्यांचे डाग काढले, तेवढा एक ठेवला. डाव्या खिशाखाली आहे, आता चहाच्या रंगाचा झालाय. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. तिला बाप म्हणून तेवढाच माहीत. वर्षातून एकदा ट्रंक उघडतो, बघतो, घडी घालतो. परवा तीच म्हणाली की आई, लोकांनाही बघू दे, बाबांचं नाव वाचू दे. म्हणून देते.

नाव नीट लिही. जन्मात एवढं एक काम नीट कर.

लोभ आहे. का आहे, ते विचारू नकोस.

ताई


२२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी पाणी पी, मग पुढे वाच.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सचिव पाहणीला आले. सदऱ्यापाशी थांबले आणि नाक मुरडून म्हणाले की मंत्र्यांसमोर असलं मळकं कापड? मी घंटा वाजवली. ताई, शपथेवर सांगतो, विचार केलाच नाही. साहेबांच्या वेळी कुणी वरच्याने नाक मुरडलं की वस्तू धुलाईला जायची. बारा वर्षांची सवय, हात आपोआप घंटेकडे गेला. संध्याकाळी सदरा परत आला तो ब्लीच करून, खळ घालून, कडक इस्त्रीचा. बगळ्यासारखा पांढरा.

मग लाल शाई घेऊन जमेल तसा डाग रंगवला. मंत्री म्हणाले, जॅम सांडल्यासारखा दिसतो. पुढच्या आठवड्यात परदेशी पाहुणे यायचे आहेत. तुझा जन्म डागांत गेला. नऊ वर्षांचं रक्त कशाने वठवावं, चहाने की गंजाच्या पाण्याने? उलट टपाली कळव. माझी नोकरी तुझ्या हातात आहे.

नाव मात्र फार सुरेख आलंय.

रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.

तुझा,
मोत्या


२६ जून

चि. मोत्यास,

आशीर्वाद आज नाहीत.

तुझं हेही पत्र मुलीनेच वाचलं. काल इस्त्री करता करता तिने एवढंच विचारलं की डाग डाव्या खिशाखालीच होता ना? आपण विसरू, अशी तिला भीती वाटली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी कोळसा आणायला मागे गेले आणि बराच वेळ आले नाही.

डाग बनवायची कृती माझ्याकडे नाही. काढायच्या आहेत, त्यातली एक तुझ्या ओळखीची. गोळीबाराच्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे दोन सदरे आले. एक गोदीतल्या माणसांनी आणला. दुसरा घेऊन तू आलास, मागच्या दाराने. उजव्या बाहीभर शाई. रडत रडत म्हणालास की गोळीबाराचा हुकूम घाईघाईत तुझ्याकडून लिहून घेतला, साहेबांना तुझंच अक्षर हवं होतं, दौत कलंडली. उद्या कामावर जायचंय आणि दुसरा सदरा नाही. मोर्चात कोण आहे हे तुला ठाऊक होतं का, ते मी तेव्हा विचारलं नाही. आजही विचारत नाही. लिंबू आणि मीठ घेऊन तासभर ती बाही चोळत बसले. यांचं प्रेत अजून इस्पितळातून यायचं होतं. तू माझा धाकटा भाऊ होतास.

दोनातला चुकीचा धुतला मी.

सदरा परत पाठव, शाईसकट. पेटी रिकामी राहू दे, खाली नाव राहू दे. पाहुण्यांनी सदरा कुठे म्हणून विचारलं, तर सांग, आपणच धुतला.

लोभ अजून निघाला नाही. घासते आहे.

ताई