होणाऱ्या जावयाचा सलाम

कोळवण,
रविवार, दुपार

माझा बालमित्र बाजी मरगळे यास बाबालाल मुलाणी याचे रामराम आणि सलाम, दोन्ही. (यांपैकी दुसऱ्या शब्दाचा मी सध्या धसका घेतला आहे; का, ते कळेलच.) तुझा गुडघा कसा आहे? थंडीत तो तुझ्यापेक्षा जास्त बोलतो असं मागे म्हणाला होतास. तानूवहिनींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे, आणि नसेल तर अडुळशाचा काढा द्यावा, दुकानातलं लाल औषध देऊ नये; मीच ते विकतो म्हणून सांगतो. तुझ्या शेळीला जुळं झाल्याचं दूधगाडीवाल्या कैलासकडून समजलं. तुझ्या वाडीवर फोन लागत नाही आणि लागला तरी तुझी हसिनावहिनी माझं बोलणं माझ्यापेक्षा मन लावून ऐकते, म्हणून हे पत्र कैलासच्याच हाती देतो आहे.

बाजी, मी हादरलो आहे. प्रजासत्ताक दिन होऊन आठवडा होत आला तरी माझं डोकं जागेवर नाही. परवा गंगूबाईंनी पातळ पोहे मागितले तर मी त्यांना धुण्याचा सोडा बांधून दिला. बरं, त्या घरी जाऊन फोडणी करायच्या आत वास घेणाऱ्यांतल्या आहेत. परत येऊन म्हणाल्या, “बाबालालभाई, पोरीचं लगीन ठरंस्तोवर दुकानात तुमी बसू नगा.” गावाला सगळं माहीत आहे. नसेल तर तुलाच, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

आमची शबनूर सैन्यात डॉक्टर आहे हे तुला ठाऊक आहे. ती कॅप्टन झाली तेव्हा मी साऱ्या कोळवण खोऱ्यात पेढे वाटले होते (तू दोनदा घेतले होतेस). कॅप्टन म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आपण शाळेत कबड्डी खेळायचो तेव्हा कॅप्टनच्या वर कोण होतं? कोणी नाही. मग गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला, “अब्बा, मी मेजर झाले.” मी “बरं बरं” म्हणालो आणि फोन ठेवला. सुट्टीवर आली तेव्हा मी वर्दी मुद्दाम निरखून पाहिली. आधी खांद्यावर तीन चांदण्या होत्या, आता तीनही गायब, एकच सिंहांची मुद्रा उरलेली. मी मनाशी म्हटलं, हिच्या हातून काहीतरी चूक झाली असावी, सरकारने चांदण्या काढून घेतल्या, पोर बिचारी हसून साजरं करते आहे. मी तिला एका शब्दाने विचारलं नाही. हसिनालाही सांगितलं नाही. आणि पेढे तर अजिबात वाटले नाहीत.

अशात रिह्याहून स्थळ आलं. मुलगा फराज, सैन्यात कॅप्टन. वडील कासमभाई, निवृत्त सुभेदार. बोलतात कमी, मिशी मात्र सदैव ड्युटीवर. मुलाला आई नाही, लहानपणीच गेली. आत्या समीना फुपूनेच त्याला वाढवलं. या समीना फुपू मारुंजीत राहतात. त्यांच्या खोल्यांत भाड्याने राहणारी आयटीवाली पोरं सकाळी जिन्यात त्यांना गुडमॉर्निंग केल्याशिवाय कामावर जात नाहीत असं म्हणतात, आणि एकदा भेटल्यावर मला ते पटलं. त्यांनी विचारलं, मुलगी काय आहे? मी म्हणालो, कॅप्टन. (मेजर सांगून पोरीचा कमीपणा कशाला चव्हाट्यावर आणायचा? तूही हेच केलं असतंस.) फुपू म्हणाल्या, दोघं बरोबरीचे, झकास.

आता आपले हायस्कूलचे हेडमास्तर दादासाहेब. त्यांनी शबनूरला झेंडावंदनाची पाहुणी म्हणून वर्दीत बोलावलं होतं. स्थळाची बातमी कळताच त्यांनी फराजलाही बोलावून टाकलं. एका खर्चात दोन वर्द्या. आम्हीही म्हटलं, मुलगा मुलगी एकमेकांना पाहतील, मग आमच्या घरी जेवण. फुपूंचा आदल्या दिवशी हसिनाला फोन आला: फराज आला की मुलीने उठून आधी सलाम करायचा, आमच्याकडे चार माणसं पाहतात. हसिनाने पोरीला तसं सांगितलं. शबनूर बूट चमकवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “अम्मी, आधी तो करेल. वर्दीत आहोत आम्ही. नियम आहे तसा.”

हसिना ओट्यावरून ओरडली, “अवो, पोरगी काय म्हणतीया आयका! नवरामुलगा हिला सलाम करनार हाय!”

मी गेलो. मला वाटलं, चांदण्या गेल्याचा पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. पण तिने ब्रश खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं, “अब्बा, परेडवर सगळेच करतात. घरच्यांसमोर, गावासमोर करायची वेळ आली की बघायचं. तेव्हा त्याला लाज वाटली, तर ती आयुष्यभर वाटत राहील. त्याने नाही केला तर जेवण करू आणि त्यांना मानाने निरोप देऊ. पुढची बोलणी नकोत.” एवढं बोलून तिने दुसरा बूट घेतला. बाजी, तिशी गाठायला आलेली मुलगी, चांगलं स्थळ, आणि सगळं एका उजव्या हातावर येऊन टांगलेलं!

झेंडावंदन झालं तरी पाहुण्यांचा पत्ता नाही. जोडून सुट्टी आलेली, पौडच्या रस्त्याला फार्महाऊसवाल्यांच्या गाड्यांची रांग. मुलांना जिलेबी वाटायला घेतली तेव्हा कुठे त्यांची जीप फाटकातून आत आली. आधी फुपू उतरल्या, मग छातीवर पदकं लावलेले कासमभाई, शेवटी फराज. पोरगा देखणा आहे. मैदान ओलांडून तो हसत हसत सरळ आमच्याकडे यायला लागला. शबनूर झेंड्याच्या खांबापाशी उभी. सारी शाळा, सरपंच, अंगणवाडीच्या बाई, सगळे जिलेबी हातात धरून बघताहेत. आणि अगदी जवळ आल्यावर त्या पोराचं हसू एकदम मावळलं. नजर शबनूरच्या खांद्यावर अडकली. पाऊल जरा अडखळलं. मी मनात म्हटलं, झालं, चांदण्या नाहीत हे याच्या ध्यानात आलं. मोडलं लग्न.

तोच त्याने टाच अशी आपटली की माझ्या हातातला द्रोण पडला. हात टोपीला भिडला. “जय हिंद, मॅम!” आवाज समोरच्या डोंगरावर जाऊन परत आला. शबनूरने तितक्याच कडकपणे सलाम परत केला. दोघांचे चेहरे दगडासारखे. मला खरंच वाटलं, हा तिला पकडून न्यायला आला आहे.

मग फुपूंना कंठ फुटला. “या अल्ला! आरं, नवरा हायेस का शिपाई? भाईजान, तुमी तरी बोला की कायतरी!”

कासमभाई बोलायला पुढे झाले. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो पिकल्या मिशीचा माणूस माझ्या मुलीसमोर ताठ सावधानमध्ये उभा होता. “जय हिंद, मेमसाब!” हसिनाने माझा दंड असा आवळला की अजून निळा आहे. सासरा सुनेसमोर सावधान! शबनूरने त्यांनाही रीतसर जय हिंद केलं. मग तिने डोक्यावरची टोपी काढली, हसिनाच्या हातात दिली, मान खाली केली आणि अगदी आपल्या घरच्या आवाजात म्हणाली, “अस्सलामु अलैकुम, अब्बाजी.” कासमभाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांची मिशी थरथरत होती. माझंही काही ठीक नव्हतं.

पण फुपूंचं काय? जेवायला बसल्या, घास उचलेनात. इंद्रायणी भाताचा सुगंध सुटलेला, आणि समोर हा चेहरा. अखेर म्हणाल्या, “बिनआईचं पोर म्या वाढवलं. कुनाफुडं मान खाली घालायला न्हाई शिकवलं त्याला.”

फराज म्हणाला, “फुपू, मान खाली कुठे घातली? सलाम करताना मान ताठच ठेवतात.”

“आन् लगीन झाल्यावर? रोज सकाळी उठून चहाच्या आधी ठोकनार व्हय?”

“टोपी नसेल तर सलामच नसतो. घरात कोण टोपी घालतं?”

फुपूंनी बराच विचार केला. मग हसिनाकडे वळून, हुंड्याची बोलणी करावीत अशा गंभीरपणे म्हणाल्या, “मंग आमची एकच अट. पोरीनं घरात टोपी घालायची न्हाई.” हसिनाने ती तिथल्या तिथे मान्य केली आणि फुपूंनी भात वाढून घेतला.

खरा धक्का मला यानंतर बसला. फराज हात धुवायला मागच्या नळावर आला; नळ कोरडा, म्हणून मी तांब्याने पाणी ओतत होतो. हळूच म्हणाला, “चाचा, तुम्ही तर कॅप्टन सांगितलं होतं. मी त्याच हिशेबाने आलो. दोघं कॅप्टन, हसून हात मिळवू म्हटलं. जवळ आल्यावर बघतो तर मेजर! फुपू मागे, गाव पुढे. पाऊलच चुकलं हो.” मी म्हणालो, “बेटा, माफ कर. मेजर म्हणजे कॅप्टनच्या खाली, म्हणून मी लाजेने बोललो नाही.” तो इतका हसला की त्याला उचकी लागली, आणि माझ्या हातातल्या तांब्यातलं पाणी त्यालाच पाजावं लागलं. बाजी, माझी पोर वर चढली होती! आणि तिचा बाप सहा महिने तिच्यासाठी सुतकात बसला होता! फराजने मात्र मला गळ घातली, “त्यांना सांगू नका, मी गोंधळलो होतो म्हणून. हसतील.”

मी शब्द दिला. आणि तिथेच फसलो. कारण शबनूर ड्युटीवर परत गेली ती होकार न देता. स्टँडवर एवढंच म्हणाली, “सलाम छान होता, अब्बा. जरा जास्तच छान. मी मेजर आहे हे त्याला तुमच्याकडून आधीच कळलं असणार, घरून ठरवून आला असणार. ठरवून काय, कोणीही करतो. मला विचार करू द्या.” आणि एसटी गेली. आता सांग, मी काय करू? खरं सांगावं तर होणाऱ्या जावयाला दिलेला शब्द मोडतो, वर बापाचं अज्ञान लेकीसमोर उघडं पडतं. गप्प बसावं तर चांगलं स्थळ हातचं जातं. तुझं मत कैलासच्या हाती लिहून कळव. तानूवहिनींचं घेतलंस तर आणखी बरं.

तुझा, अजून न सावरलेला,
बाबालाल

ता.क. खरं काम राहिलंच. तू मारुंजीच्या त्या कंपनीच्या फाटकावर वॉचमन असताना साहेबांच्या गाड्यांना सलाम करायचास. तो मला शिकव. लग्न जमलं आणि निरोपाची वेळ आली, तर मला माझ्या मेजरला एकदा सलाम करायचा आहे. आरशासमोर करून पाहिला, पण हसिना म्हणते की डोळ्यावर ऊन आल्यासारखं दिसतं. टोपी माझी नमाजाची आहे, ती चालते का तेही सांग.

ता.क. दुसरा. वरचा सल्ला देऊ नकोस. पाकीट चिकटवतानाच शबनूरचा फोन आला आणि “जेवलीस का” विचारायच्या आत माझ्या तोंडून सगळं निसटलं. कॅप्टन, नळ, उचकी, सगळं. ती म्हणाली, “म्हणजे त्याला माहीतच नव्हतं? तिथल्या तिथे केला?” मी म्हटलं, हो. मग म्हणाली, “अब्बा, त्यांना हो म्हणून कळवा.” आणि लगेच, “तुम्ही खरंच मेजरला खालचं समजत होतात?” यावर मी ‘हॅलो हॅलो, आवाज येत नाही’ म्हणून फोन ठेवला.

ता.क. तिसरा. फुपूंना होकार कळवायला हसिनाने आत्ताच फोन लावला आहे. हसिनाच्या उत्तरांवरून दिसतं की फुपूंना कोणीतरी सांगितलं आहे, मेजरची पुढे लेफ्टनंट कर्नल होते. फुपू आता टोपीची अट अंगणापर्यंत वाढवून मागताहेत. लवकर ये.